गच्चीवर सेमिनार

चादर कोणाची लावायची, यात अर्धा तास गेला आहे. पडद्याला पांढरी चादर हवी आणि वरच्या दोन खोल्यांत मिळून पांढरी म्हणावी अशी एकही चादर नाही. एकीवर मोर आहेत, दुसरी ‘घेतली तेव्हा पांढरीच होती’ असं तिचा मालक शपथेवर सांगतोय. शेवटी आमच्या सौभाग्यवती खालून एक धोतर घेऊन येतात. कोणाच्या तरी लग्नात मला आहेरात आलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. आमच्या घरात धोतर नेसणारे शेवटचे म्हणजे माझे वडील. त्यांच्यानंतर आहेराची धोतरं पेटीत जातात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी आहेराला बाहेर निघतात. हे एक पेटीच्या तळाशीच राहून गेलेलं दिसतंय.

कपडे वाळत घालायच्या तारेवर पोरं ते आडवं टाकतात, चिमटे लावतात, खालची कड तुळशीच्या आणि कोरफडीच्या कुंडीखाली दाबतात. लाल काठ नेमका वरच्या बाजूला येतो. म्हणजे आज जे काही दिसेल ते लाल काठाचं दिसेल.

जानेवारीतला शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. अंधार पडायलाय, पण पुरता पडलेला नाही आणि थांबायला वेळ नाही, कारण तीन मुली आल्या आहेत आणि त्यांच्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं. प्रोजेक्टरला अंधार लागतो, गेटला उजेड. या दोहोंच्या मधल्या तासाभरात त्यांचं बसवायचं आहे.

गच्चीवरून सगळी विष्णुपुरी दिसते. इकडे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातले दिवे, ते १९८१ पासूनचे. तिकडे सरकारी मेडिकल कॉलेज आणि दवाखाना, त्याच्या फाटकाशी वळणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा. थोडं पुढे विद्यापीठ, १९९४ साली औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळं निघालेलं. मागे धरणाचं अडवलेलं गोदावरीचं पाणी, आता नुसताच एक काळा पट्टा. लातूर रोडवरून उसाच्या डबल ट्रॉल्या चालल्यात, प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप, आणि प्रत्येकाचं गाणं गच्चीपर्यंत पोचतं. एवढ्याशा गावात इतक्या गोष्टी शिकवल्या जातात की आमच्या गल्लीत घरमालक सोडले तर बहुतेक सगळे परीक्षार्थी.

मी त्या घरमालकांपैकी. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आजच्या कार्यक्रमात माझं पद ‘एक्स्टर्नल’. म्हणून मला हातांची खुर्ची आहे, पुढ्यात स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली, फाइल कव्हर आणि एका बशीत चार बिस्किटं. एक्स्टर्नलला काजू देतात, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर बशीत मूठभर शेंगदाणे येऊन पडले.

नियम खडूने टाकीवर लिहिलेत. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि दहा स्लाईड. वेळ संपली की ताट वाजणार. मांडणी कॉलेजच्या सेमिनारसारखीच हवी: शीर्षक, प्रस्तावना, पूर्वीचं संशोधन, पद्धती, निष्कर्ष आणि शेवटी ‘थँक यू’ची गुलाबाची स्लाईड. आणि सगळ्यांत वरचा नियम, दोनदा अधोरेखित केलेला: विषयाचा कोणालाही कसलाही उपयोग होता कामा नये.

प्रोजेक्टर कोणाच्या तरी मावसभावाच्या कोचिंग क्लासातून नऊ वाजेपर्यंतच्या बोलीवर आणलाय. त्याला पांढरं हिरवट दिसतं, आणि केबल ढिली आहे. ती एका ठरावीक कोनात, अंगठ्याने जरा वर उचलून धरली तरच चित्र पडतं. त्यासाठी एक माणूस नेमलाय. किनवटचा मुलगा. इथे सगळे एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारतात, खरी नावं हजेरीपटापुरती. तर किनवटकर मांडी घालून प्रोजेक्टरपाशी बसलाय, अंगठा वर, चेहरा गंभीर.

“हसू नको बरं का,” त्याला बजावलं जातं. “तू हसलास की स्क्रीन जायली.”

पहिला मान मुलींचा. परळीची मुलगी उभी राहते, कॉम्प्युटरची. शाल अंगावरून काढत नाही. पहिली स्लाईड: ‘आईच्या फोनचा फ्लोचार्ट’. चौकटी, चौकोनी हिरे, बाण, सगळं पुस्तकातल्यासारखं काटेकोर. पहिला हिरा: ‘जेवलीस का?’ ‘हो’कडून बाण जातो ‘काय जेवलीस?’कडे, तिथून ‘एवढंच?’कडे. ‘नाही’कडून जातो ‘का नाही?’कडे. दोन्ही बाण फिरून एकाच चौकटीत येतात: ‘बारीक झालीस तू.’

“हा व्हिडिओ कॉल नाही,” ती शांतपणे सांगते. “साधा कॉल आहे.”

पडदा निळा होतो. सगळे किनवटकराकडे पाहतात. तो ओठ दाबून अंगठा पुन्हा वर करतो.

पुढची स्लाईड ‘लूप’. ‘बरं, ठेवते’ या चौकटीतून एक बाण बाहेर न जाता परत वर जातो. मावशीच्या मुलीचं जमलं, शेजारच्यांनी बोअर घेतली, तुझा स्वेटर धुतलास का, बरं ठेवते. मग परत वर. ती म्हणते, सतरा कॉलची नोंद ठेवली, एकाही वेळी ‘ठेवते’ म्हटल्यावर फोन ठेवला गेलेला नाही. आणि मग कोपऱ्यात, सगळ्या आकृतीच्या बाहेर, तुटक रेघांची एक छोटी चौकट. तिला बाण येतही नाही, तिच्यातून बाण जातही नाही. आत लिहिलंय: ‘बाबा (मागून): पैसे आहेत का विचार.’

पडदा जातो तो मिनिटभर येतच नाही. किनवटकर आडवा झालाय.

मी फाइल कव्हरच्या आतल्या बाजूला एक रेघ मारतो. आज गुण कशावर द्यायचे ते मला सापडलंय. ज्याच्या वेळी पडदा जास्त वेळा जाईल तो पहिला. याहून प्रामाणिक परीक्षक मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

दुसऱ्या दोघींचं झटपट होतं. एकीने मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप डीपीवरून त्यांचा मूड ओळखण्याचं शास्त्र मांडलंय. खरं सांगायचं तर ते माझ्या डोक्यावरून जातं, पण पडदा दोनदा जातो, म्हणजे बरोबर असणार. मग घड्याळ पाहून तिघी उठतात. जाताना एक फोन कठड्यावर टेकवून ठेवतात, व्हिडिओ कॉल चालू करून. पुढचा कार्यक्रम त्या हॉस्टेलच्या खोलीतून बघणार आहेत. फोन पडू नये म्हणून त्याला सौ.ची चटणीची बरणी आधाराला लावलीय.

मुखेडकराचा विषय: ‘मेसच्या वरणाची पारदर्शकता’. पद्धती अशी की काचेच्या ग्लासात वरण घ्यायचं, ग्लासामागे वर्तमानपत्र धरायचं, मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि काय काय वाचता येतं ते लिहून काढायचं. सोमवारी मथळे वाचता आले. बुधवारी बातम्या. गुरुवारी ‘प्लॉट विकणे आहे’ ही छोटी जाहिरात फोन नंबरासकट. फोटो लावलाय आणि त्यात खरोखरच नंबर वाचता येतोय, फक्त जरा पिवळा. शिफारशी काय, असं मी एक्स्टर्नलच्या आवाजात विचारतो. “काही नाही सर,” तो म्हणतो, “उद्या रविवार आहे, फीस्ट आहे, आज बोलणं बरोबर नाही.”

आता अहमदपूरकर उठतो आणि मी जरा सावरून बसतो. हा मुलगा मला माहीत आहे. गेल्या महिन्यात आमच्या जिन्यात उभा राहून तो कॉलेजच्या सेमिनारचं पाठांतर करत होता. ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर’ एवढं पहिलं वाक्य मी आतल्या खोलीतून चाळीसेक वेळा ऐकलं. दुसऱ्या वाक्याला तो अडायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचा. सेमिनारला स्लाईडकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून वाचत सुटलो, असं त्यानेच नंतर सांगितलं.

आज त्याची पाठ धोतराकडे आहे.

‘काय करतोस? : विष्णुपुरी ते लातूर, एसटीने.’ पहिल्या स्लाईडवर पाठ्यपुस्तकातलं ‘काय करतो आहेस?’ आणि त्यावर लाल फुली. दुसरीवर आमचा विष्णुपुरीचा थांबा आणि ‘काय करायलास?’. इथून बस सुटते. लोहा, करायलास. माळाकोळी, करायलास, पण जरा विचार करून. प्रत्येक थांब्याला तो उभ्या उभ्या ड्रायव्हर होतो, गिअर टाकतो, कंडक्टरसारखी घंटीची दोरी ओढतो. अहमदपूर येतं. स्लाईडवर नुसतंच प्रश्नचिन्ह.

“आमच्या घरात दोन पक्ष आहेत,” तो सांगतो. “माय नांदेडकडची, ती म्हणती ‘काय करायलास’. आजी लातूरकडची, ती म्हणती ‘काय करूलालास’. मी लहानपणी दोघींना वेगवेगळं उत्तर द्यायचो. मायला ‘अभ्यास करायलोय’. आजीला खरं काय ते.”

पडदा जातो.

चाकूरच्या पुढे निव्वळ ‘करूलालास’चं राज्य. लातूर स्टँडवर बस लागते तेव्हा सगळी गच्ची एका सुरात ‘काय करूलालास’ म्हणतेय, आणि लातूरचे दोघे टाळ्या स्वीकारतायत. मग त्याने उलट्या दिशेची एक जादा बस सोडलीय, किनवट-माहूरकडची. ‘काय करून राहिला?’ यावर किनवटकर उठून वाकून नमस्कार करतो. साहजिकच पडदा जातो. लोह्याचा एक जण भांडायला उठलाय, की आमच्या मामाच्या गावी, माळाकोळीच्या अलीकडेच, लोक करूलालास म्हणतात, तुझी सीमारेषा चुकली. देगलूरकर म्हणतो, आमच्याकडं एका वाक्यात तीन राज्यं असतात, आमची बस कुठंय?

‘कारणमीमांसा’ या स्लाईडवर एकच शब्द आहे: निजाम. यावर सगळ्यात मोठा हशा. कारण मराठवाड्यात कशाचंही कारण शोधत गेलं की माणूस निजामापाशीच येऊन थांबतो, मग तो रस्ता असो, रेल्वे असो की जावयाचा स्वभाव. १७ सप्टेंबर १९४८ ला इथलं राज्य बदललं, पण ‘नक्को’ आणि ‘हौ’ अजून नांदतायत, असं तो म्हणतो आणि ताट वाजतं. त्याच्या तीन स्लाईड राहिल्यात. एक येळवसीवर होती, असं तो ताटाच्या आवाजात ओरडून सांगतो: वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्याला सुट्टी मिळते, नांदेडच्या पोरांनी आंबील आणि भज्जीसाठी किती लातूरकरांशी मैत्री केली, त्याचा आलेख. आलेख कोणी पाहू देत नाही. नियम म्हणजे नियम.

माझ्याकडे सात रेघा झाल्यात.

प्रोजेक्टर तापलाय. पंख्याचा आवाज आता ट्रॅक्टरशी स्पर्धा करतोय, म्हणून दहा मिनिटं विश्रांती. सौ. परात घेऊन वर येतात, परातीत सुशीला. भिजवून पिळलेले मुरमुरे, दाण्याचा कूट, फोडणीत करपत आलेली हिरवी मिरची. थंडीत वाफ येतेय. कागदाच्या तुकड्यांवर वाढप होतं आणि किनवटकराला दुसरा एक जण भरवतो, कारण त्याने अंगठा काढला तर तो कोन पुन्हा सापडायचा नाही, अशी सगळ्यांना भीती.

“सर, तुम्ही बोला ना तोवर,” कोणीतरी म्हणतं. मास्तराला असं म्हणणं हा मुलांचा नेहमीचा अविचार.

मी त्यांना कल्याणच्या पटवर्धनांची गोष्ट सांगतो. महादेव गोपाळ पटवर्धन. १८९२ सालच्या सुमारास त्यांनी काचांवर हाताने चित्रं रंगवली, रामायण-महाभारतातली, आणि दिव्याच्या उजेडाने ती पडद्यावर मोठी करून दाखवायला सुरुवात केली. यंत्राला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबर नावाच्या मायावी राक्षसावरून शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे कंदील. एकामागून एक काचा अशा सरकवायच्या की चित्र हलल्यासारखं वाटावं. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला तो १८९६ च्या जुलैत, त्याच्या आधीची ही गोष्ट. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून चित्रकथी चित्रांची पोथी मांडीवर घेऊन एकेक पान दाखवत कथा सांगत होते. चित्र दाखवायचं आणि तोंडाने सांगायचं, हे आपल्याकडे जुनं आहे. पॉवरपॉइंट १९८७ मधलं. तेही सुरुवातीला ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांवर छापायची पानं तयार करायला निघालं होतं. तसले कागद मी स्वतः प्रशिक्षणात स्केचपेनने रंगवलेत, आणि उलटे ठेवलेत.

मी थांबतो. गच्ची विचारात पडलेली दिसते. मला बरं वाटतं.

“सर,” किनवटकर विचारतो, “त्या पटवर्धनांची केबल कोण धरायचं?”

आठवी रेघ कोणाच्या नावावर मारायची ते मला कळत नाही.

आता शेवटचं प्रेझेंटेशन. पाहुणे वक्ते, असं पोरं जाहीर करतात आणि सौ.ला धरून पुढे आणतात. त्यांनी आठवडाभर मला काही कळू दिलेलं नाही. स्लाईड अहमदपूरकराने केल्यात, फोटो मुखेडकराने काढलेत, मजकूर यांनी भाजी निवडता निवडता सांगितलाय. पदर खोचून त्या धोतराच्या उजवीकडे उभ्या राहतात. शीर्षक येतं: ‘मागे राहिलेलं सामान (२००९ पासून आजपर्यंत)’.

त्या स्लाईडकडे बघतच नाहीत. आमच्या मोरीच्या भिंतीवर टेकवून काढलेले फोटो एकामागून एक येतात आणि त्या बोलतात.

मिनी ड्राफ्टर, चार. “पहिलं वर्ष संपलं की यांना याचा राग येतो. कोणीच नेत नाही.” डाव्या पायाचा एक बूट. “हा कळंबचा. उजवा घेऊन गेला. का ते त्याचं त्याला ठाऊक.” लोणच्याची चिनी मातीची बरणी. “ही उदगीरच्या उंच पोराच्या आईची. ती दर दिवाळीला विचारती, बरणी आहे ना? मी म्हणते आहे.”

“लोणचं होतं का आत, काकू?”

“होतं की.” मग माझ्याकडे बघून: “यांनी संपवलं.”

कठड्यावरच्या फोनमधून तीन मुलींचं हसणं येतं, जरा उशिराने.

पुढचा फोटो लाकडाचा. वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाला करायला लावतात तो टी-जॉइंट, दोन पट्ट्या एकमेकींत बसवलेल्या, एका बाजूला पंचाने ठोकलेला रोल नंबर. शेवटचा आकडा उलटा ठोकलाय. हा मी रोज बघतो; आमच्या मागच्या दाराला तो पाचर म्हणून लावलेला असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. तो कोणाचा हे मला माहीत नव्हतं. “हा ज्याचा ना,” त्या सांगतात, “तो आता मोठे मोठे पूल बांधतो. फोन येतो त्याचा. मी त्याला सांगितलं, बाळा, तुझा हा सांधा हलतो बरं का.”

यावर किनवटकराने अंगठा नुसता हलवलेला नाही, केबल खालीच ठेवलीय आणि दोन्ही हातांनी पोट धरलंय. धोतर कोरं होतं. हिरवटही नाही, निळंही नाही, नुसतं रस्त्याच्या दिव्यात दिसतं तसं. ताट ज्याच्या हातात आहे तो ते वाजवत नाही, पाच मिनिटं कधीच झालीत.

सौ.च्या ते लक्षातही आलेलं नाही. त्या कोऱ्या धोतराशेजारी उभ्या राहून पुढचं सांगतायत. गणपतीची वितभर मूर्ती, रूमवर बसवली आणि विसर्जनाच्या दिवशी पेपर होता म्हणून राहून गेली; ती आता देवघरात आहे, आमच्या गणपतीच्या डावीकडे. एक फाटका स्वेटर, एक कोऱ्या पानांचं जर्नल, ज्यातली पानं त्या किराण्याच्या यादीला वापरतात. एक कुलूप, किल्ली नसलेलं. एक किल्ली, ती त्या कुलपाची नाही, लावून पाहिलीय. चित्र नाही, तरी सगळे धोतराकडेच बघतायत, कुलूप कुठे येतं ते बघावं तसं.

मी फाइल कव्हर मिटतो. पडदा एकदाच गेला, पण आलाच नाही. हे कसं मोजायचं ते नियमात नाही.

“आणि बादली,” त्या म्हणतात. “लाल. कडी नवी बसवलेली.”

“काकू, ती तर चांगली आहे की,” देगलूरकर मध्येच म्हणतो. त्यांच्या खोलीतली बादली परवा फुटलीय, सगळ्या जिन्याला माहीत आहे. “आम्ही वापरू का?”

“अजिबात नाही.”

“का पण?”

“ती २०१४ च्या पोरांची आहे,” त्या म्हणतात आणि परात उचलतात. “आले न्यायला, तर काय सांगू?”